आत्याचे ‘नको’

गेली अठरा वर्षे मी शब्दांवर पोट भरतो आहे. वाच्यार्थ कोणता, लक्ष्यार्थ कोणता, व्यंग्यार्थ कोणता, हे फळ्यावर मांडायचे. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ म्हणजे पाण्यावर नव्हे, काठावर, हे शास्त्रकारांचे जुने उदाहरण दरसाल नव्या पोरांना नव्या उत्साहाने सांगायचे आणि महिनाअखेरीस पगार घरी आणायचा, असा माझा साधासरळ उद्योग. अशा माणसाला ‘नको’ या दोन अक्षरी शब्दाचा अर्थ दोन वर्षे लागू नये, ही गोष्ट काही भूषणावह नव्हे. पण दिवाळी अंकात लोक आपल्या फजितीच्या गोष्टी सांगतात, तेवढी मुभा मीही घेतो. ही फजिती हसण्यासारखी मात्र नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचे गाव भूम तालुक्यातले. बाविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला, पदरी मूल नव्हते. ती माहेरी परतली ती कायमचीच. सातवीपर्यंत शिकलेली होती. पुढे गावात अंगणवाडी आली तेव्हा चाळिशीच्या घरात तिला तेथे सेविकेचे काम मिळाले. एकात्मिक बालविकास योजना देशात सुरू झाली १९७५ साली; आमच्या गावापर्यंत यायला तिला आणखी काही वर्षे लागली, गावाकडे येणाऱ्या सगळ्याच गोष्टींना लागतात तशी. माझ्या लहानपणची आत्या मला आठवते ती आढ्याला टांगलेल्या काट्यापाशी. काट्याच्या आकड्याला झोळी, झोळीत बोंबलणारे पोर, आणि आत्या एक डोळा मिटून आकडा वाचते आहे! मग ते वजन तक्त्यावर टिंब देऊन मांडायचे, मागच्या महिन्याच्या टिंबाला रेघेने जोडायचे. रेघ वर चालली तर पोराच्या आईला शाबासकी. खाली वळली तर तिची खरडपट्टी. त्या काळी कुपोषणाच्या चार श्रेण्या असत. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले पोर सापडले की आत्या त्याच्या घरी जाऊन ठाण मांडून बसे. ‘काय करू बाई, खातच न्हाई, नको म्हनतंय’ असे आई म्हणाली की तिचे उत्तर ठरलेले असे: ‘लेकरू नको म्हनंल, तुला डोळे न्हाईत का?’

सेविकेला मानधन असते, वेतन नसते. त्यामुळे निवृत्त झाल्यावर निवृत्तिवेतनाचा प्रश्नच नव्हता. वडील होते तोवर दोघे बहीणभाऊ गावातल्या घरात राहिले. साडेतीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि मी आत्याला धाराशिवला घेऊन आलो. आमची जागा दुसऱ्या मजल्यावर. मी आणि बायको दोघेही नोकरीवर, मुलगी बारावीला. आत्याला जिना उतरवेना. सकाळी दाराला बाहेरून कडी घालून आम्ही जायचो ते संध्याकाळी परतायचो. चार महिन्यांनी तिनेच विषय काढला. तिच्याबरोबर अंगणवाडीत काम केलेली एक मैत्रीण जिल्ह्यातल्याच एका वृद्धाश्रमात होती. ‘मला तिच्यापाशी नेऊन घाल,’ आत्या म्हणाली. मी ‘नको’ म्हणालो. पण माझ्या त्या ‘नको’त किती बळ होते हे तिला कळले असावे. शब्दांचे अर्थ तिला माझ्यापेक्षा चांगले कळतात.

वृद्धाश्रम वाईट नव्हता, आजही नाही. खोल्या स्वच्छ, अंगणात तुळस, वेळेवर चहा, वेळेवर जेवण. मी दरमहा पैसे भरत होतो आणि महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी, भेटायला जात होतो. जाताना पेढे, केळी, कधी कुंथलगिरीचा खवा. आत्या पिशवीकडे पाहायची आणि म्हणायची, ‘कशाला आणलंस? नको मला. पोट भरलंय.’ मी म्हणायचो, ‘जेवलीस?’ ती म्हणायची, ‘जेवले की.’ झाले! संवाद संपला. मी समाधानाने उठायचो. म्हातारी माणसे थोडेच खातात, तिला आता कशाचीच वासना राहिली नाही, चांगले आहे, असा काहीसा आध्यात्मिक विचारही परतीच्या एस. टी. त करायचो. दुसऱ्या वर्षी तिची ती मैत्रीण वारली. तेव्हाही मी जाऊन आलो, आत्याच्या पाठीवर हात ठेवला, दोन शब्द बोललो. मैत्रीण जाणे आणि ताटातली अर्धी भाकरी उरणे, यांचा काही संबंध असेल हे माझ्या गावीही नव्हते.

गेल्या वर्षी पाडव्याला मी तिला नमस्कार करायला वाकलो. आत्या खाटेवर बसलेली, पाय खाली सोडलेले. पायांवर डोके ठेवून वर उठताना माझी नजर तिच्या पोटरीवर गेली. लुगड्याचा काठ थोडा वर सरकला होता. पोटरी म्हणून तेथे काही उरलेच नव्हते. नडगीचे हाड आणि त्यामागे सैल, रिकामे कातडे लोंबत होते. मी तसाच अर्धवट वाकलेला राहिलो. आत्याने घाईने काठ खाली ओढला आणि म्हणाली, ‘आता उठ की. किती आशीर्वाद घेतूस?’

दुसऱ्याच आठवड्यात तिला धाराशिवच्या डॉक्टरांकडे नेले. हे डॉक्टर अकरावीला माझ्याकडे मराठी शिकलेले. अजून ‘सर’ म्हणतात आणि फी घेताना लाजतात. त्यांनी तिला काट्यावर उभे केले. ३६ किलो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे जुने कार्ड माझ्यापाशी होते. त्यावर पंधरा महिन्यांपूर्वीचे वजन होते ४३. म्हणजे सात किलो माणूस माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला होता आणि मी दरमहा येऊन पेढे ठेवून जात होतो.

डॉक्टरांनी रक्त तपासले, क्षयाची शंका फेडून घेतली, साखर पाहिली, थायरॉइड पाहिले. कशातच काही निघाले नाही. मग त्यांनी शिंप्याची असते तसली टेप काढली आणि आत्याच्या पोटरीला गुंडाळली. २७ सेंटिमीटर. म्हाताऱ्या माणसाची पोटरी ३१ च्या खाली गेली की आम्ही सावध होतो, ते म्हणाले. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधल्या वैद्यांनी १९९० च्या दशकात वृद्धांच्या पोषणाची एक छोटी प्रश्नावली बनवली. ती जगभर वापरतात, आणि तिच्यात हे पोटरीचे माप आहे. बाकीचे प्रश्नही असेच घरगुती आहेत. तीन महिन्यांत वजन उतरले का? भूक कमी झाली का? दिवसातून पुरते जेवण किती वेळा? पाणी, चहा, दूध मिळून किती पेले? स्वतःच्या हाताने जेवता येते का? डॉक्टर एकेक प्रश्न विचारत गेले आणि आत्या, जन्मभर दुसऱ्यांना असले प्रश्न विचारलेली आत्या, खाली मान घालून उत्तरे देत गेली.

त्या उत्तरांतून तिचे ‘नको’ उलगडत गेले. तिच्या हिरड्या झिजल्या होत्या. खालची कवळी टोचते म्हणून ती गेले वर्षभर स्टीलच्या डबीत पडून होती. भाकरी चावत नव्हती, शेंगदाणे तर नाहीच नाही. रात्री उठून शौचालयापर्यंत अंधारात जायची भीती वाटायची, म्हणून दुपारी चारनंतर पाण्याचा घोट घेत नव्हती. आणि कोरड्या तोंडाने घास उतरत नव्हता. चव गेली होती. ‘सगळं भुशासारखं लागतंय’ म्हणाली. रात्रीचे जेवण साडेसहाला उरकायचे, ते सकाळी नऊला पोहे येईपर्यंत मध्ये एक कप चहा. चौदा-साडेचौदा तास!

‘मग सांगितलं का नाहीस?’ मी जरा चढ्या आवाजातच विचारले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, ‘सर, व्यंजना.’

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. तिच्या वजनाच्या माणसाला दिवसाला निदान ३५-४० ग्रॅम प्रथिने हवीत. म्हातारपणी किलोमागे एक ग्रॅम किंवा त्याहून थोडे जास्तच हवे, असे हल्लीचे वैद्यक सांगते, कारण उतारवयात शरीर खाल्लेल्या प्रथिनांचे स्नायू पूर्वीइतक्या सहजी करत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे दहा ग्रॅम. म्हणजे आत्याची वरणात कुस्करलेली दिवसाची एक भाकरी, पळीभर पातळ वरण, मूठभर भात आणि पाणीदार चहाचे तीन कप, असा हिशेब काही केल्या विसाच्या पुढे सरकेना. त्यात उपवास. सोमवार बावन्न, एकादश्या चोवीस, संकष्ट्या बारा, नवरात्राचे नऊ दिवस: एकमेकांत मिसळणारे वजा केले तरी वर्षातले ऐंशी-नव्वद दिवस ती साबुदाण्यावर होती. साबुदाणा म्हणजे नुसता पिठूळ पदार्थ. त्यातल्या शेंगदाण्यांनी काही भर पडायची, ते ती वेचून बाजूला ठेवायची. तुळजापूरच्या आईचा जिल्हा आमचा. नवरात्राचे उपवास सोड, असे ब्याऐंशी वर्षांच्या बाईला सांगण्याची छाती मला झाली नाही. डॉक्टरांना झाली. ‘आजी, यंदा उठता-बसता करा. मधले दिवस मी आईला सांगतो,’ ते म्हणाले. आत्या हसली. हेच जर मी म्हटले असते तर माझी शंभर वर्षे भरली असती.

पुढच्या रविवारी मी वृद्धाश्रमात सकाळी सातला गेलो तो रात्रीपर्यंत थांबलो. दोन वर्षांत प्रथमच मी तेथे कोणाला जेवताना पाहिले.

ताटे भरलेली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘उपासमार’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रिकामी थाळी येते. येथे भाकरी होती, वांग्याची भाजी होती, वरणभात होता, लोणचे होते. आणि पंचवीस मिनिटांनी मावशी ताटे उचलायला आल्या तेव्हा त्यातली निम्मी ताटे निम्मी भरलेली होती. कंपवाताचे एक आजोबा वरण खातच नव्हते. चमचा तोंडाशी जाईपर्यंत अर्धा सांडतो, सदऱ्यावर डाग पडतो, समोरची माणसे पाहतात; त्यापेक्षा कोरडी पोळी बरी, असा त्यांनी निकाल लावून टाकला होता. एका आजींना नीट दिसत नाही. लखलखीत स्टीलच्या ताटात पांढरा भात. त्यांना तो दिसतच नव्हता. भाजी संपली की जेवण संपले असे समजून त्या हात धुवायला उठायच्या. आत्याने आपली निम्मी भाकरी शेजारच्या बाईंच्या ताटात सरकवली आणि मला डोळ्यांनीच गप्प बसवले. ‘तिला लागतंय,’ ती नंतर म्हणाली.

त्या दिवशी दुपारी एका सद्गृहस्थांच्या नातवाच्या वाढदिवसाचे जेवणही होते. पुऱ्या, जिलेबी, श्रीखंड. फोटो निघाले. मधुमेहाच्या एका तात्यांनी तीन जिलब्या पंचाच्या टोकात बांधून नेल्या, आणि दात नसलेल्या सगळ्यांनी पुऱ्या परत केल्या. व्यवस्थापक म्हणाले, ‘काय करणार सर! पितृपंधरवड्यात तर रोज खीर-वडे असतात.’ मेलेल्यांच्या नावाने जिवंतांना तळलेले वडे! कावळ्याला निदान चोच असते. पण या गृहस्थांना दोष देण्याचे मला कारण नव्हते. ते येत होते, मी तर जेवणाच्या वेळी कधी आलोच नव्हतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली रुग्णसेवेवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी हेच सांगितले आहे: अन्न भरपूर असते, उशाशी ठेवलेले असते, आणि तरी माणसे उपाशी राहतात, कारण हे अन्न या माणसाच्या पोटात कसे जाईल, याकडे कोणाचे लक्ष नसते. विलायतेत त्यानंतर पुष्कळ काही झाले, पण हा प्रश्न राहिलाच; अलीकडे तेथल्या इस्पितळांतून ज्याला भरवायला माणूस लागतो त्याचे जेवण लाल ट्रेमधून देतात, म्हणजे वाढणाऱ्याला न सांगता कळते. हॉलंडमधल्या पाच शुश्रूषागृहांत वेगळाच प्रयोग झाला. तयार ताट पुढे ठेवण्याऐवजी टेबलावर भांडी ठेवायची, आपले आपण वाढून घ्यायचे, गप्पा मारत घरच्यासारखे जेवायचे. सहा महिन्यांनी पाहिले तर अशा जेवणाऱ्यांची वजने टिकली होती, ताटे पुढे आलेल्यांची उतरली होती. २००६ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आपल्याकडे याला पंगत म्हणतात आणि तिच्यात आग्रह नावाची एक वस्तू असते. ‘नको’ हा शब्दच मुळी आग्रहाच्या हिशेबाने घडलेला आहे. पहिले ‘नको’ हे ‘वाढा’च असते, हे पंगतीत वाढणारे शेंबडे पोरसुद्धा जाणते. आग्रह करणारे माणूस उठून गेले, की म्हाताऱ्याचे पहिलेच ‘नको’ शेवटचे ठरते.

कायदा आहे. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्याची जबाबदारी त्याच्या मालमत्तेच्या वारसावर येते, म्हणजे आमच्या गावच्या पडक्या घरामुळे ती माझ्यावर येते. मासिक निर्वाहाची कमाल रक्कम दहा हजार रुपये त्यात लिहिली आहे. प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक आश्रम असावा, असेही म्हटले आहे. राज्यात त्याआधीच, १९९५ पासून मातोश्री वृद्धाश्रमांची योजना होती. श्रावणबाळ योजनेचे पैसे आहेत, २०२३ साली ते दरमहा १५०० झाले. रुपये मोजण्याची व्यवस्था पुष्कळ आहे. वजन मोजण्याची नाही. आमचा जिल्हा २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला, त्याच साली पोषण अभियान आले. मुले, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, किशोरवयीन मुली, सर्वांची त्यात नोंद. ती हवीच, आत्याने जन्मभर तेच केले. पण त्याच सुमारास, २०१७-१८ मध्ये, देशभरच्या वृद्धांची मोठी पाहणी झाली. तिच्यात साठीपुढच्या शंभरांपैकी सत्तावीस जणांचे वजन असावे त्याहून कमी भरले. गावातले पोर सहा महिन्यांत अर्धा किलो उतरले तर तालुक्याला कळते. आत्या सात किलो उतरली ती कोणत्याच कागदाला कळली नाही.

डॉक्टरांकडून परतताना एस. टी. त आत्या गप्प होती. मध्येच म्हणाली, ‘बापू, मी म्हाराजांना बघितलं हुतं.’

मला आधी उमगेना. मग उमगले. १९५५ साली दिगंबर जैनांचे थोर आचार्य शांतिसागर महाराज यांनी आमच्या तालुक्यातल्या कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. वय त्र्याऐंशी, नजर अधू झालेली. महिन्याहून अधिक काळ व्रत चालले आणि सप्टेंबरात त्यांनी देह ठेवला. लांबलांबून माणसांची रीघ लागली होती. आत्या तेव्हा अकरा वर्षांची; आजोबांच्या खांद्याआडून तिने त्यांना लांबून पाहिले होते.

‘मला वाटायचं, आपलंबी तसंच हाय,’ ती म्हणाली. ‘खान्याची आस ऱ्हायली न्हाई म्हंजी चांगलंच की. पर तसं न्हाई ते. म्हाराजांनी सोडलं हुतं. माझं सुटलं. सोडल्यालं अन् सुटल्यालं एक नसतंय, बापू.’

अठरा वर्षांत सकर्मक-अकर्मकाचा इतका स्वच्छ भेद मी वर्गात शिकवलेला नाही.

पुढचे काम कंटाळवाणे होते. ते थोडक्यात सांगतो. कवळी नवी करून घेतली, त्याला चार खेपा लागल्या. खाटेजवळ रात्रीचा छोटा दिवा आणि बाजूला कमोडची खुर्ची आली. पाण्याचा तांब्या पुन्हा भरू लागला. झोपण्यापूर्वी दूध आणि त्यात भिजवलेली भाकरी किंवा खारीक-पूड, असे ठरले, म्हणजे ते चौदा तास दहावर आले. दुधाचे मला मोठे आश्चर्य वाटते. ऑस्ट्रेलियातल्या साठ वृद्धाश्रमांत, सात हजारांहून अधिक माणसांवर, दोन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या आश्रमांत दूध, दही, चीज यांचे प्रमाण वाढवले, बाकी काही केले नाही. २०२१ साली निष्कर्ष आला: तेथल्या माणसांची हाडे मोडण्याचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने घटले, खुब्याचे हाड मोडणे जवळजवळ निम्म्यावर आले. आणि आमच्याकडे! भूम-कुंथलगिरीचा खवा गाड्या भरभरून परगावी जातो, आणि त्याच जिल्ह्यातल्या म्हातारीच्या चहात दुधाचा रंग तेवढा असतो.

खरी कळ फिरली ती वेळअमावस्येला. मार्गशीर्षातला हा सण लातूर-धाराशिवच्या बाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. येळवस म्हणतो आम्ही. त्या दिवशी गावे ओस पडतात, सारे शेतात. कडब्याची कोप करायची, पांडव मांडून पुजायचे आणि ज्वारीच्या उभ्या पिकात बसून जेवायचे. मी आत्याला गाडी करून गावी नेले. जेवायला काय, तर बेसनात शिजलेली तूर, हरभरा, वाटाणा, वाल आणि मिळेल त्या पाल्याची भज्जी. ज्वारी-बाजरीचे मऊ उंडे. आणि मडक्यात मुरलेले ताकातले आंबिल. नव्या कवळीने आत्या जपून खाऊ लागली. चुलतभावाची सून वाढत होती. आत्या म्हणाली, ‘नको.’ सुनेने ऐकलेच नाही, उंडा कुस्करून भज्जी ओतली. ‘नको गं बाई, पुरे,’ म्हणत म्हणत आत्याने आंबिलाचे तीन पेले घेतले. मी पाहत होतो. चावावे लागत नाही, घशाला सुखाने उतरते, आंबट असल्याने गेलेली चव जागी होते. डाळ आहे, ताक आहे, पालेभाजी आहे. माझ्या डॉक्टर विद्यार्थ्याने कागदावर लिहून दिलेले सगळे त्या एका पानात होते, आणि ते वर्षातून एकदाच करायचे अशी काही शास्त्राज्ञा नव्हती.

वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकीणबाई उमरग्याकडच्या. आत्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी काय बोलली मला ठाऊक नाही. पण आता आठवड्यातून दोनदा सकाळी आंबिल होते, गुरुवारी भज्जी होते, आणि रोजच्या पातळ भाजीत दाण्याचे कूट पडते. खर्च फारसा वाढला नाही, हे व्यवस्थापकांनी मला वही उघडून दाखवले. लाल ट्रेची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. ट्रे कोठून आणणार! बाईंच्या मुलीची नखांना लावायची लाल बाटली होती. तिने आठ ताटांच्या काठाला ठिपके दिले. लाल ठिपक्याच्या ताटाशी एक जण बसतो आणि ताट लवकर उचलत नाहीत. भात न दिसणाऱ्या आजींना हिरवे मेलामाइनचे ताट आले. कंपवाताच्या आजोबांना वरण कपातून देतात. ते आता चहा प्यायच्या ऐटीत वरण पितात.

काटा मी आणला. बाजारातला साधाच, उभे राहायचा. आत्याने तो पाहिला, पालथा करून तपासला, दोन किलोचे मिठाचे पुडे ठेवून खरा-खोटा केला, आणि माझ्याकडे शंभर पानी वही मागितली. त्या दिवसापासून महिन्याच्या पहिल्या तारखेला आत्या वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसते. ‘काठी बाजूला ठिवा. चपला काढा. तात्या, खिशातलं काय हाय ते आधी भायेर काढा.’ तात्यांच्या खिशातून एकदा पाव किलो गूळ निघाला. प्रत्येकाला एक पान. टिंब, रेघ, पुन्हा टिंब. रेघ सलग दोन महिने खाली वळली की लाल पेन्सिलीची खूण, आणि मग आत्या काठी टेकत त्याच्या खाटेपाशी जाऊन बसते. तीस जणांची नावे आहेत. दोघांच्या रेघा मध्येच थांबल्या आहेत. ती पाने तिने फाडली नाहीत. तिघांच्या, काही केले तरी, खालीच चालल्या आहेत. त्यातल्या एका आजींबद्दल डॉक्टरांनी सांगितले की आता आग्रह करू नका, त्यांना हवे तेवढेच द्या. आत्याने ऐकले. त्या आजींच्या पानावर तिने ‘सोडलंय’ एवढेच लिहिले आहे.

तिचे स्वतःचे पान शेवटचे. ३६, ३७, ३७, ३९. नवरात्र उठता-बसता केले. ऑक्टोबरात ४० झाले. पोटरी साडेअठ्ठावीस. डॉक्टर खूश आहेत, पूर्ण नाहीत.

परवा दिवाळीचे फराळाचे घेऊन गेलो. चकल्या दुधात भिजवून खाता येतील अशा केल्या होत्या बायकोने, मऊ बेसनाचे लाडू होते. आत्याने डबा उघडला, लाडू फोडला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा शेजारच्या बाईंना दिला. मी म्हणालो, ‘आणखी एक घे.’ ती म्हणाली, ‘नको.’ मी दुसरा तिच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला. मग माझ्याकडे नीट निरखून पाहिले, पदर झटकला आणि काट्याकडे बोट दाखवले.

‘चढ.’

‘मी?’

‘चपला काढ अन् चढ.’

चढलो. तिने एक डोळा मिटून आकडा वाचला. ८७. वहीचे कोरे पान उघडले, माझे नाव घातले, एक टिंब दिले आणि त्याच्याखाली लाल पेन्सिलीने चांगली ठळक रेघ ओढली.